गंगा, गोळ्या आणि वहिनींचा गुडघा

बत्तीस वर्षं मी देवासच्या सरकारी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, तेही हिंदीतून. क्लोरीनचा धडा दरवर्षी थंडीत यायचा. हिरवट-पिवळा वायू, तीव्र गंध, जंतुनाशक. मुलं घोकायची, मी घोकून घ्यायची आणि परीक्षा झाली की दोन्ही पक्ष तो विसरून जायचे. बत्तीस वर्षांत क्लोरीनबद्दल मला कुणीही स्वतःहून एक प्रश्न विचारला नाही. मी रिटायर झाले, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने धारला घरामागे पोहण्याचा तलाव बांधला, आणि त्यानेही विचारला नाही.

निमित्त वहिनींच्या गुडघ्याचं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे आम्ही सगळेच ते विसरलो. वहिनी म्हणजे दादाची बायको, सत्तरीला आलेल्या. दोन्ही गुडघे झिजलेले. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा फारच गेलाय, तो आधी बदलू, डावा पुढच्या वर्षी बघू. पण ऑपरेशनपेक्षा नंतरचा व्यायाम महत्त्वाचा. पलंगावर पाय वाकवायला गेलात तर डोळ्यांतून पाणी येईल, म्हणून जखम भरली की कमरेइतक्या पाण्यात रोज अर्धा तास चालायचं. पाण्यात अंगाचा भार लागत नाही. "पावसाळ्याच्या आत गुडघा वाकला तर वाकला," डॉक्टर म्हणाले, "नंतर जो राहील तो जन्मभर तसाच."

सार्वजनिक तलावावर वहिनींनी जाणं शक्य नव्हतं. ज्या बाईने आधी सासऱ्यांसमोर आणि मग सासऱ्यांच्या तसबिरीसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ती ओल्या कपड्यांत चार माणसांपुढे कशी उभी राहणार? दादाने डॉक्टरांच्या खोलीतच जाहीर केलं, "घरीच तलाव बांधतो." इथपर्यंत मला त्याचं कौतुकच वाटलं, आणि ते मी त्याला बोलूनही दाखवलं. ती माझी पहिली चूक.

दादा सिंचन खात्यातला निवृत्त इंजिनिअर. आमचे पूर्वज संस्थानाच्या दफ्तरात कारकुनी करत होते, आणि ज्यांच्या पूर्वजांनी दफ्तर सांभाळलं त्यांना कुणी काही शिकवायचं नसतं, असा आमच्या घरातला अलिखित कायदा आहे. तो फक्त पुरुषांना लागू होतो. धार हे मुळात तळ्यांचं गाव, घराबाहेर पडलं की एखादं तळं आडवं येतंच. अशा गावात मांडू रस्त्याला घरामागे खासगी तळं बांधून दादाने त्याला निळ्या फरशा लावल्या, गाळणीचं यंत्र बसवलं आणि पायऱ्यांच्या जागी स्टीलची उभी शिडी लावली. पायऱ्या घर्षण वाढवतात की जागा खातात, असं काहीतरी तो म्हणाला. बहुधा जागा खातात म्हणाला. चार फूट खोल डबक्यात त्याला धरणाचं गणित दिसत होतं.

वहिनींचं ऑपरेशन संक्रांतीनंतर झालं. होळीपर्यंत जखम छान भरली. मी एकटी राहते, त्यामुळे माझ्या वेळेवर सगळ्या घराचा हक्क असतो. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, अशा बसच्या खेपा सुरू झाल्या आणि तलावाच्या उद्घाटनाला मी हजर होते.

आता त्या उद्घाटनाबद्दल सांगते. ऑपरेशनच्या आधी, कार्तिकात, दादा-वहिनी काशीला जाऊन आले होते. काशीहून आलं की गंगेच्या गडूची पूजा करायची, मावंदं घालायचं, आप्तांना जेवू घालायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. ऑपरेशनच्या घाईत ते राहून गेलं होतं. गडू देवघरात पडून होता. दादाने हिशेब केला की मावंदं आणि तलावाचं उद्घाटन एकाच दिवशी उरकलं तर मांडव एक, आचारी एक, गुरुजी एक. तेव्हा तलावाच्या काठावर चौरंग मांडला गेला. दादा सोवळं नेसून उभा राहिला. गुरुजींनी गंगेचं आवाहन केलं, आणि दादाने गडू फोडून अख्खा तलावात ओतला. टाळ्या पडल्या. त्या उत्साहात त्याने पंचामृताचं पातेलंही उचललं आणि तेही ओतलं. दूध, दही, तूप, मध, साखर. वरून हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या.

मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "दादा, ह्या पाण्यात तू जंतूंची पंगत बसवलीस. आता क्लोरीन दुप्पट लागेल."

"गंगेच्या पाण्यात क्लोरीन?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "अगं, गडूत वर्षानुवर्षं राहतं ते. नासलेलं पाहिलंस कधी?"

"गडूला डाख देऊन तोंड बंद केलेलं असतं. ह्याला झाकण कुठाय?"

पाहुणे हसले, पण दादाच्या बाजूने. त्या दिवसापासून त्या टाकीचं नाव गंगा पडलं. 'चप्पल काढून या' अशी पाटी लागली. नऊ दिवस त्यात काहीही घालायचं नाही असं ठरलं. सातव्या दिवशी गंगा पालकाच्या पातळ भाजीसारखी दिसायला लागली आणि नवव्या दिवशी तिच्यात एक बेडूक राहायला आला. वहिनी काठावर खुर्ची टाकून बसायच्या, उजवा पाय समोर ताठ ठेवून, आणि बेडकाकडे बघायच्या. तो मात्र छान पोहत होता.

मग क्लोरीन घालायचं ठरलं, आणि कुठलं घालायचं ह्यावर आमचं घराणं कामाला लागलं. दादाची अट एकच होती, सगळ्यांत स्वस्त हवं. बेडकासकट सगळं मरायला हवं आणि खिशाला कळता कामा नये.

पहिला मान ब्लीचिंग पावडरला मिळाला. नोकरीत असताना विहिरींत हीच टाकायचो, गावंच्या गावं जगली, असं दादाचं म्हणणं. त्याने बाजारातून गोणी आणली. मी फोनवर सांगितलं की त्यात कामाचा क्लोरीन जेमतेम तिसरा हिस्सा, बाकी चुना. तुमच्या बोअरचं पाणी आधीच इतकं जड की डाळ शिजत नाही, त्यात आणखी चुना कशाला? घालायचीच तर बादलीत कालवून ठेव, चुना खाली बसू दे, वरचं निथळ पाणी तेवढं ओत. निथळायला वेळ लागतो. दादाने भर दुपारी पावडर फावड्याने टाकली. बेडूक गेला हे कबूल करायला हवं. पण तलावाची कढी झाली, आणि तीन दिवसांनी वरचं पाणी जरा निवळल्यावर तळाच्या फरशीवर पांढरा निसरडा थर उरला. वहिनी पहिल्यांदा शिडीने खाली उतरल्या, तळाला पाय टेकवला आणि सटकल्या. मी त्या दिवशी धारला आले होते, काठावरून त्यांच्या दंडाला धरलेलं होतं म्हणून वाचल्या. त्यांचा चेहरा त्या पाण्याहून पांढरा पडला होता. पुढचे आठ दिवस त्यांनी तलावाचं नाव काढलं नाही.

दुसरा पर्याय माझा होता. देवासच्या इंडस्ट्रियल एरियात माझा एक जुना विद्यार्थी रसायनांचा व्यापार करतो. त्याच्याकडे पातळ क्लोरीन मिळतं, निळ्या कॅनमधून. चुना नाही, गाळ नाही, ओतलं की मिसळलं. एकच पथ्य, ते टिकत नाही. उन्हात तर मुळीच नाही. आठवड्यापुरतं घ्यायचं, अंधारात ठेवायचं आणि संध्याकाळी घालायचं, म्हणजे रात्रभर काम करतं. सकाळी घातलं तर दुपारपर्यंत ऊन त्याला खाऊन टाकतं. हे सगळं मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

दादाने दोन महिन्यांचे कॅन एकदम मागवले, कारण घाऊकात स्वस्त पडत होतं. ते गच्चीवर सोलरच्या टाकीशेजारी ओळीने मांडले, एप्रिल महिन्यात, माळव्यातल्या उन्हात. आणि रोज सकाळी पूजा झाल्यावर, दहाच्या सुमारास, पळीपळीने घालायला सुरुवात केली. तिन्हीसांजेला गंगेत औषध ओतणं त्याला प्रशस्त वाटेना. तीन आठवड्यांत कॅनमध्ये नुसतं खारं पाणी उरलं. मग मला फोन आला. आमच्याकडे देवाशी मराठीत बोलतात आणि भांडताना हिंदीत.

"पानी बेच दिया तेरे विद्यार्थी ने! यही सिखाया था क्या उसको?"

"आठवड्यापुरतं घे म्हटलं होतं ना मी?"

"हर हफ्ते देवास कौन जाएगा? तू?"

"हो, मी," मी म्हटलं. तोवर त्याने फोन ठेवला होता.

तिसरा पर्याय, मी धारला असतानाच, इंदूरहून स्वतःच्या पायांनी चालत आला. तलावांचं, म्हणजे स्विमिंग पूलचं, सामान विकणारा एक माणूस, पांढरे बूट, मनगटावर जाड कडं. त्याने पाण्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि पिशवीतून एक पांढरा डबा काढला. त्यात पेढ्याएवढ्या गोळ्या होत्या.

"देखो बाऊजी, गोली डालो ने भूल जाओ. नब्बे टक्का क्लोरीन है. वो पावडर-फावडर सब फालतू."

भूल जाओ हे शब्द दादाला फार आवडले. त्याने तिथेच कागद घेतला. गोणीत क्लोरीन किती, कॅनमध्ये किती, डब्यात किती, आणि प्रत्येकातला खरा क्लोरीन किती रुपयांना पडतो. गोळ्यांचा आकडा सगळ्यांत खाली आला. मी तो कागद दोनदा तपासला. गणित बरोबर होतं, हेच माझं दुःख आहे. चुकलं असतं तर भांडण तिथेच संपलं असतं.

गणितात न आलेली गोष्ट मी सांगितली. गोळीत नुसता क्लोरीन नसतो, त्याच्याबरोबर एक आम्ल असतं. ते उन्हापासून क्लोरीनला जपतं, छत्रीसारखं. एक छत्री बरी. पण ते आम्ल उडून जात नाही, झिजत नाही, रोज साठत राहतं. रोज एक नवी छत्री उघडत गेलं की आतला क्लोरीन हलूही शकत नाही, आणि मग पाण्यात क्लोरीन असूनही शेवाळ वाढतं. सुरुवातीला थोड्या गोळ्या घाल, पण रोजचा आधार पातळ क्लोरीनचाच ठेव.

"मॅडम सही बोल रहे," पूलवाला अगदी सहज म्हणाला. "तो साल में एकाध बार आधा पानी बदल लेना. उसमें क्या है?"

दादाने ह्यातलं काही ऐकलं नाही. तो डबे मोजत होता. ब्लीचिंग पावडरच्या जुन्या बादलीतच तो गोळ्या ओतायला निघाला, तेव्हा मी किंचाळले. ही दोन एकत्र आली तर पेट घेतात. बादली माझ्याकडे देत तो पूलवाल्याला म्हणाला, "मास्तरीण आहे ना, सवय आहे ओरडायची."

आणि मग, माझ्या नाकावर टिच्चून, गोळ्यांनी काम केलं. हेही सांगायला हवं. दोन आठवडे पाणी असं स्वच्छ झालं की तळाच्या फरशांचे सांधे मोजता यावेत. वहिनी जुना पंजाबी ड्रेस घालून, काठावरून एका बाजूने दादाने आणि दुसऱ्या बाजूने मी दंड धरल्यावर शिडी उतरल्या. कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मग थांबून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "वन्सं, दुखत नाही हो! अजिबात दुखत नाही!"

ऑपरेशननंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. रोजच्या फेऱ्या वाढत गेल्या. दहाव्या दिवशी त्या बुटक्या स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या, गुडघा बऱ्यापैकी वाकवून, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवत होत्या. दादा सगळ्यांना गोळ्यांचा डबा दाखवत होता. मी देवासला परतले. माझं म्हणणं खोटं ठरलं ह्याचा मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर तो अर्धाच झाला.

मे महिन्यात कोपऱ्यांतून हिरवं दिसायला लागलं. दादाने गोळ्या दुप्पट केल्या. हिरवं वाढलं. त्याने तिप्पट केल्या. पाण्याला उग्र वास यायला लागला, वहिनींचे डोळे लाल झाले, अंगाला खाज सुटली. पंचामृत, घाम, शेवाळ, सगळ्यांशी अर्धवट झगडून दमलेल्या क्लोरीनचा तो वास. भरपूर क्लोरीन असलेल्या चांगल्या पाण्याला असा वास येत नाही. दादाचा निष्कर्ष उलटा होता. त्याने परीक्षानळीत थेंब टाकून पिवळाधमक रंग मला व्हिडिओवर दाखवला. "बघ! किती आहे बघ!" त्याच्या मागे हिरवंगार पाणी दिसत होतं. वहिनींचं उतरणं बंद झालं.

त्याच आठवड्यात वहिनींचा मला फोन आला. दादा झोपलेला असावा, कारण त्या हळू बोलत होत्या. "वन्सं, इंदुरात दवाखान्याच्या मागे पाण्याचं कुंड आहे म्हणतात, व्यायामासाठीच. सकाळी नुसत्या बायका असतात. पायऱ्या आहेत, कठडा आहे. पंधरा दिवस तिथे राहून करून घ्यावं म्हणते. तुम्ही याल का माझ्याबरोबर? ह्यांना सांगायचं मला नाही जमायचं."

मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "अहो वहिनी, इंदुरला कशाला जायचं? घरचंच पाणी सुधारेल. चूक कुठे आहे ते मला माहीत आहे. त्याला एकदा ते मान्य करू द्या."

"बरं," त्या म्हणाल्या.

मी तपासणीचं किट मागवलं आणि धारला पोचले. ती तपासणी बघण्यासारखी असते. नळीच्या तळाशी एक काळा ठिपका असतो. तलावाच्या पाण्यात एक औषध मिसळून ते नळीत ओतत जायचं, गोळ्यांमधलं ते आम्ल जितकं जास्त तितकं पाणी गढूळ होतं आणि ठिपका लवकर दिसेनासा होतो. आमचा ठिपका नळी भरायला घेतली तोच नाहीसा झाला. मी दादाला बोलावलं, वाकून बघायला लावलं. तीन रंगांच्या स्केचपेनांनी तक्ता करून नेला होता, तो भिंतीला चिकटवला. वर्गात कधी केला नव्हता इतका सुरेख तक्ता होता. खाली लाल अक्षरांत उपाय लिहिला होता, अर्धं पाणी काढून टाकणे.

दादाने तक्ता वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "गंगा मोरीत सोडू?"

मला वाटलं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. त्या पाण्यात काशीचा गडू होता. मंत्र म्हणून आवाहन केलेलं होतं. असं पाणी नालीत सोडणं म्हणजे काय, हे मला कळत नसेल तर मी कुठल्या घरात वाढले, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, गडूत तांब्याभर पाणी होतं, बाकी सगळं बोअरचं आहे. तो म्हणाला, आवाहनाला माप नसतं. मी म्हटलं, मग गंगेच्या डोक्यावर इंदूरच्या गोळ्या कशा चालतात? तो म्हणाला, तू नास्तिक आहेस. मी म्हटलं, तू कंजूष आहेस, टँकरचं पाणी विकत घ्यायला नको म्हणून गंगेच्या आड लपतोयस.

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. त्यानंतर तीन आठवडे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बोललो नाही म्हणजे फोनवरून लेख, व्हिडिओ आणि आकडे पाठवत राहिलो. तो मला गंगाजलाचे चमत्कार पाठवी, मी त्याला शेवाळाचे फोटो. त्याने तक्ता भिंतीवरून काढला हे कळल्यावर मी नवा तक्ता कुरिअरने पाठवला. आता विचार करते तेव्हा त्या तीन आठवड्यांत मी खूश होते. सकाळी उठून पहिली आठवण मला तक्त्याची यायची. बत्तीस वर्षांनंतर अखेर क्लोरीनवर कुणीतरी माझ्याशी भांडत होतं, आणि मला जिंकायचं होतं. माझ्या एकाही मेसेजमध्ये गुडघा हा शब्द नव्हता, हे मी नंतर फोन उघडून पाहिलं.

प्रश्न सोडवला तो गुरुजींनी, दोन मिनिटांत. ते तिशीतले, धारचेच, पूजा शुद्ध मराठी-संस्कृतात सांगणारे आणि बाकी सगळं माळव्याच्या बोलीत. वटपौर्णिमेच्या चौकशीला म्हणून आले, हिरवं पाणी पाहिलं, दादाची अडचण ऐकली आणि परत मोटरसायकलवर बसता बसता म्हणाले, "काका, गणपतीचं विसर्जन करता ने? मग हिचंही करून टाकू. आवाहन मीच केलंतं, उत्तरपूजाही मीच करतो. अक्षता टाकल्या की झालं, मग ते पाणी साधं पाणी. टेन्शन कायको लेते?"

उत्तरपूजा झाली. आठ दिवस गोळ्या बंद ठेवून सगळंच पाणी मागच्या कडुनिंबांना आणि आडरानात सोडलं. टँकर आले. मी दर आठवड्याला देवासहून पातळ क्लोरीनची सोय केली, कॅन जिन्याखाली अंधारात ठेवले, आणि संध्याकाळी मोजून घालायला दादाला शिकवलं. नव्या पाण्यात सुरुवातीला घातलेल्या थोड्या गोळ्यांनी छत्री आपली बेताची झाली होती, ती पुरे होती. चौथ्या दिवशी पाणी असं झालं की तळाशी पडलेली कडुनिंबाची काडी वरून दिसावी. वास नाही, गाळ नाही, डोळ्यांना आग नाही. महिन्याच्या खर्चाचा कागद मी दादापुढे ठेवला. गाळ उपसणं, फेकलेले कॅन आणि टँकर धरले तर माझाच पर्याय स्वस्त ठरत होता. त्याने कागद वाचला आणि म्हणाला, "ठीक आहे." आमच्या घराण्यात ह्याहून मोठी माफी आजवर कुणी मागितलेली नाही.

मधल्या काळात दादाने वहिनींना डॉक्टरांकडे दाखवून आणलं होतं. ते मला नंतर कळलं, कारण मी तेव्हा टँकरवाल्याशी बोलण्यात गुंतले होते.

आभाळ भरून यायला लागलं होतं. मी सकाळीच काठावर जाऊन नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग फिकट पिवळा, हवा तितकाच. मी ती नळी उजेडात धरून बघत बसले. मागून वहिनी आल्या, काठी टेकत, उजवा पाय काठीसारखाच सरळ टाकत. खुर्चीवर बसल्या. पाय वाकवायचा प्रयत्न केला नाही.

"आलं का पाणी तुमच्या मनासारखं?" त्यांनी विचारलं.

"अगदी! बघा तरी वहिनी, आरसा आहे आरसा. चला, कपडे बदलून या. मी आहे धरायला."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग त्या स्टीलच्या उभ्या शिडीकडे.

"आता नाही हो उतरता यायचं मला," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, व्यायाम सुटला आणि गुडघा आखडला, आता हा एवढाच राहील. आणि डाव्यावर सगळा भार घेऊन ती शिडी काही जमत नाही. परवा ह्यांनी धरून बघितलं."

मला लाज वाटली, इतकी की मी ती नळी पदराआड घेतली. मी म्हटलं, शिडी काढून पायऱ्या करून घेऊ, दादाला आजच सांगते, पुढच्या वर्षी डाव्या गुडघ्याला तरी होतील. मी बोलत सुटले होते. किती पायऱ्या, किती रुंद, कठडा कुठल्या बाजूला, कुठली फरशी घसरत नाही.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही उतरा, वन्सं. एवढं छान पाणी केलंत. फुकट कशाला घालवायचं?"

मला पोहता येत नाही. पण मी उतरले. साडीसकट, ती शिडी धरून, कमरेइतक्या पाण्यात. ते खरंच छान होतं, अंग हलकं करणारं. त्यांनी सांगितलं तशी मी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि परत आले, आणि वहिनी काठावरून माझ्या फेऱ्या मोजत राहिल्या.